‘इडियट’ला मराठीत काय म्हणायचं?

शाईदौत: दोस्तोव्हस्कीच्या ‘इडियट’ कादंबरीतली काही पानं आमच्या वाचनगटासाठी इंग्रजीवरून मराठीत करतेय आणि एका शब्दापाशी अडून बसलेय. पहिल्या भागात गान्या नावाचा तरुण रस्त्यात नायकाला, प्रिन्स मिश्किनला, पुन्हा पुन्हा इडियट म्हणतो. मिश्किन थांबतो आणि शांतपणे सांगतो की पूर्वी मी खरंच आजारी होतो, जवळजवळ तसाच होतो, पण बरा होऊन बराच काळ लोटलाय, तेव्हा कोणी तोंडावर असं म्हटलं की जरा लागतं. इथं चौक आहे, तुम्ही उजवीकडे जा, मी डावीकडे जातो. माझ्याजवळ पंचवीस रूबल आहेत, कुठंतरी खोली मिळेल.

मी ‘मूर्ख’ लिहिलं होतं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “मूर्ख म्हटलं की मला दासबोध आठवतो. हा माणूस त्यातला नाही.” तिचं बरोबर आहे ना?

पिंपळपार: आईंचं शंभर टक्के बरोबर. समर्थांनी दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात मूर्खलक्षणं दिलीत आणि दहाव्यात पढतमूर्ख. तिथला मूर्ख दोषी आहे, कळायला हवं ते त्यानं कळून घेतलेलं नाही. मिश्किनला तर समोरच्याच्या मनातलं समोरच्याच्या आधी कळतं. ‘भोळा’ घ्या. भोळा सांब म्हणतो तेव्हा आपण देवाला नावं ठेवत नाही.

शाईदौत: पण गान्या शिवी देतोय हो. ‘भोळा’ ही शिवी कशी होईल?

घाटावरचा: वेडा. दुसरा शब्दच नाही. आमच्या गावात देवळाच्या पायरीवर एकजण बसायचे. कोणी सदरा दिला की संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्याच कुणाच्या अंगावर दिसायचा. पोरं ‘ए येड्या’ करून मागं लागायची. आणि आमची आजी तव्यावरची पहिली भाकरी बाजूला काढून म्हणायची, “येड्याची हाय, हात लावू नका.” पोरं आणि आजी, शब्द तोच. आजीच्या तोंडी तो शब्द आला की मला देवळाची घंटा ऐकल्यासारखं व्हायचं.

शाईदौत: हे फार सुंदर आहे, पण अडचण इथंच आहे. पहिल्याच प्रकरणात, वॉर्सा-पीटर्सबर्ग गाडीतून उतरताना, सहप्रवासी रोगोझिन त्याला वेगळा शब्द वापरतो: युरोदिवी, म्हणजे देवापायी वेडा झालेला. अशी माणसं देवाला प्रिय असतात, असंही म्हणतो. म्हणजे रशियनमध्ये शिवीला एक शब्द आणि आशीर्वादाला दुसरा. दोन्हीकडे ‘वेडा’ घातला तर ते अंतर बुजतं.

खडूफळा: युरोदिवीला ‘अवलिया’.

पिंपळपार: अवलिया अरबी. मराठीत अवधूत आहे की.

खडूफळा: अवधूत म्हटलं की दत्तसंप्रदाय आला, आणि त्यात अधिकार आला. युरोदिवीला कुठलाच अधिकार नसतो, बर्फात अनवाणी फिरायचं आणि झारलाही तोंडावर खरं सांगायचं. आणि अवलिया अरबी म्हणून बाहेर काढायचा असेल तर सदराही उतरवावा लागेल. मूळ अरबीत ते ‘वली’चं अनेकवचन, आपण खुशाल ‘एक अवलिया’ म्हणतो. जो शब्द आपण इतका वाकवलाय तो आपलाच झाला.

तिठा: अरबीवरून आठवलं. मिश्किन आणि आपला मिश्कील, आणि अरबीतला मिस्कीन म्हणजे दीनदुबळा. हे एकाच घरातले असावेत असं मला फार दिवस वाटतंय.

खडूफळा: नाही हो. रशियनमध्ये ‘मिश’ म्हणजे उंदीर, आडनाव त्यावरून. आणि त्याचं पहिलं नाव लेव, म्हणजे सिंह. एकाच नावात सिंह आणि उंदीर! लेखकानं भाचीला १८६८च्या जानेवारीत पत्रात लिहिलं होतं की पूर्णपणे सुंदर माणूस रंगवायचाय आणि जगात याहून अवघड काही नाही. मला हे नाव त्या अवघडपणाचंच वाटतं.

तिठा: तरीही मिस्कीन त्याला शोभतो. मणी कौलांनी या कादंबरीवरच्या हिंदी चित्रपटाला ‘अहमक’ म्हटलं होतं, तेही अरबीच.

पिंपळपार: अहमकमध्ये नुसता तिरस्कार आहे. आणि घाटावरचे, ‘येडा’ बोलण्यात ठीक, छापताना ‘वेडा’च हवा. अनुवाद प्रमाण भाषेत व्हावा.

घाटावरचा: वेळची येळ होते, वेगळ्याचा येगळा होतो, वेशीची येस होते. नियमानं होतं, चुकून नाही. रोगोझिन व्यापाऱ्याचा पोरगा, शाळा न शिकलेला. त्याच्या तोंडी प्रमाण भाषा कशाला? गान्या ‘वेडा’ म्हणू दे आणि रोगोझिन ‘येडा’. अंतरही राहील.

शाईदौत: हे मला सुचलं नव्हतं. पण शेवटाचं काय करू? मिश्किन रोगोझिनच्या उशाशी बसून त्याचे केस आणि गाल कुरवाळतोय, आणि आत शिरणाऱ्या लोकांना ओळखतही नाही. लेखक म्हणतो, त्याच्यावर पूर्वी उपचार करणारे स्वित्झर्लंडचे डॉक्टर श्नायडर आत्ता आले असते तर हात झटकून म्हणाले असते, “इडियट!” इथं शिवी नाही, आशीर्वाद नाही, निदान आहे. त्या काळी तो वैद्यकातलाच शब्द. ‘मतिमंद’ लिहायला हात धजत नाही, आणि पहिल्या भागातला शब्द इथं परत आलाच पाहिजे.

पिंपळपार: ‘वेडसर’?

घाटावरचा: ‘सर’ लावलं की अर्धंच होतं. काळसर म्हणजे काळा नव्हे. तो तर पुरता गेलाय.

तिठा: गोव्यात ‘पिसो’ म्हणतात. आपल्याकडेही पिसं लागतं, पिसाट होतो, मग ‘पिसा’ का मागं पडला?

खडूफळा: ओव्या-अभंगांत आहे की. विठ्ठलाचं पिसं.

घाटावरचा: आमच्याकडं पिसाळलेलं कुत्रं तेवढं उरलंय.

पिंपळपार: पिसाळणं आणि पिसं एकच का? मला शंका आहे. कोणाकडे जुना कोश असेल तर बघा.