अनधिकृत बांधकामांना अभय: कोकणात कुणाला द्यावं, कुणाला नाही?

खाडीकाठ
जुनी अनधिकृत बांधकामं दंड भरून नियमित करा, ही मागणी आता कोकणातल्या गावांतूनही जोर धरतेय. शहरांनी ही वाट आधीच पाहिलीय. २०१७ साली नगररचना कायद्यात कलम ५२क आलं आणि ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांना शुल्क भरून नियमित होण्याची सोय झाली.

माझं मत सरळ आहे. मालक स्वतः राहतो त्या घराला अभय द्या, विकायला किंवा रिसॉर्टसाठी बांधलेल्याला अजिबात नको.

कोकणातलं घर अनधिकृत का होतं, ते आधी बघा. आमच्या वाडीत एकेका सातबाऱ्यावर तीस-तीस नावं आहेत. निम्मे मयत, वारसनोंद नाही, उरलेले डोंबिवली-विरारला. परवानगीला सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी, मोजणी हवी. एक चुलता रुसला की कागद अडला. तोवर पावसात पडवी कोसळते आणि माणूस चिरे उतरवून भिंत उभी करतो. ग्रामपंचायत घरपट्टी लावते, नमुना ८ ला नोंद होते, मीटर बसतो. आपलं घर कायदेशीर झालं असं त्याला वाटतं. नमुना ८ हा कराचा कागद आहे, परवानगी नव्हे, हे नोटीस आल्यावर कळतं. वर्षानुवर्षं कर घेणाऱ्या पंचायतीने तेव्हाच का नाही सांगितलं?

चिरेखाण
पूर्ण विरोध. अभय एकदाच असतं असं कुणी समजू नये. गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीविना तुकडे पाडून विकलेले भूखंड नियमित करायचा, कायदा २००१ चा. त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतचे भूखंड धरले होते. २०२१ मध्ये दुरुस्ती करून तीच तारीख ३१ डिसेंबर २०२० वर नेली. वीस वर्षं कायदा मोडणाऱ्यांना बक्षीस, आणि नकाशा मंजूर करून, शुल्क भरून घर बांधणारा मूर्ख ठरला.

रस्त्यालगतच्या मळ्यांत काय चाललंय ते जाऊन बघा. पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, दोन सिमेंटचे पाइप टाकायचे, वर डंपरने लाल मातीचा भराव करायचा आणि त्यावर गाळे काढायचे. पावसाळ्यात ते पाणी खालच्या वाडीत शिरतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्यानंतरही नदीकाठच्या भरावांसाठी अभय मागायची हिंमत होते कशी?

वेळूबन
भरावाबद्दल चिरेखाण यांच्याशी सहमत. पण खाडीकाठ, तुमची राहतं घर आणि धंदा ही विभागणी टिकणार नाही. किनाऱ्यावरच्या कितीतरी बायका मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात, सकाळी घावणे-चटणी, दुपारी माशाचं जेवण. त्यावर मुलांची फी निघते. मासळी पूर्वीसारखी मिळत नाही, आंब्याचा भरवसा नाही. त्या खोल्या पाडणार का?

खाडीकाठ
नाही पाडणार. मालक त्याच छपराखाली राहत असेल तर ते घरच. ही रेघ मी आज ओढत नाहीये. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर निर्बंध घालणाऱ्या केंद्राच्या नियमांच्या, २०११ च्या अधिसूचनेत किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजांची, मच्छीमारांची परवानगीविना राहिलेली घरं नियमित करायची तरतूद होती. १९९१ च्या सीआरझेड नियमात बसणारं घर हवं, तिथे व्यवसाय नको आणि समाजाबाहेर विक्री नको, अशा अटी होत्या. व्यवसायाची अट मी थोडी सैल करीन, विक्रीची मुळीच नाही. अभय मिळालेलं घर उद्या मुंबईच्या गुंतवणूकदाराकडे गेलं तर सगळं फुकट.

वेळूबन
विक्रीची अट मान्य. पण ती सातबाऱ्यावर बोजा म्हणून चढली पाहिजे, नाहीतर कागदावरच राहील.

आगर
दंडाचे पैसे घेतल्याने स्लॅब मजबूत होत नाही, हे कुणी बोललंच नाही. महाडची तारिक गार्डन इमारत २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली, १६ जीव गेले, नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला. परवानगी प्रक्रियेतून गेलेल्या इमारतीची ही गत, तर कुणी तपासलंच नाही त्यांचं काय? एक मजली चिऱ्याचं घर वेगळं. वर मजले असतील तर स्ट्रक्चरल ऑडिटशिवाय अर्जच घेऊ नये.

चिरेखाण
आगर यांचा मुद्दा पटतो. खाडीकाठ यांचा अजून नाही. किनाऱ्यावरचा निर्णय ग्रामपंचायतीच्या हातात नाही, सीआरझेड केंद्राची आहे. २०१९ मध्ये अलिबागजवळच्या किहीमला नीरव मोदीचा किनाऱ्यावरचा अनधिकृत बंगला सुरुंग लावून पाडला, तेव्हा पंचायतीच्या कुठल्याही ठरावाने तो वाचला नसता.

आणि तुमची खरी अडचण सामाईक सातबाऱ्याची आहे. मग तिथेच हात घाला. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ ने तहसीलदार संमतीने वाटप करून देतात. गणपतीत सगळे हिस्सेदार गावात असतात, तेव्हा गावोगाव वारसनोंदीची आणि वाटपाची शिबिरं लावा म्हणून का नाही मागत?

खाडीकाठ
मागतो. येत्या ग्रामसभेत तो ठराव मांडणार आहे. पण वाटप होईपर्यंत राहत्या घरांच्या नोटिसा थांबवा, हेही त्याच ठरावात असेल, आणि त्यावर माघार नाही.