चरे जात नाहीत, कारण व्हॅनेडियम

सुरी घासताना ग्राइंडरच्या ४०० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा, मोठा तितका बारीक) पट्ट्यावर एस९०व्ही या सुरीच्या पोलादाचं पातं नुसतं चमकतं, आधीचे चरे तसेच राहतात म्हणालात. राहणारच. त्यात ९ टक्के व्हॅनेडियम आहे आणि त्याचं कार्बाइड, म्हणजे कार्बनशी मिळून झालेले कण, पट्ट्यावरच्या अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण.

इंदूरला माझ्या शेडमध्ये एकच पथ्य: ६० च्या सिरॅमिक पट्ट्याचे चरे १२० वर पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. दर ग्रिटला पातं थोडं तिरकं धरा, मागचा चरा लगेच उघडा पडतो. बोथट पट्ट्यावर जोर लावू नका, पातं तापून टेम्पर (पोलादाला दिलेला कडकपणा) जातो. बारीक पट्ट्यांना वेग कमी, ताप कळावा म्हणून बोटं उघडी, शेजारी पाण्याची बादली.

आरशासारखी चकाकीच हवी असेल तर शेवटी डायमंड पेस्ट. हिरव्या पॉलिशच्या वडीवर माझे दोन रविवार वाया गेलेत!