छोट्या उद्योगांसाठी सामायिक डेटा केंद्रं: सरकारने पैसा घालावा का?

सुकाणू (धागाकर्ता)

छोट्या उद्योगांनी आपापला डेटा एकत्र वापरावा, त्यातून नवं काही घडवावं, म्हणून सामायिक केंद्रं उभी करायची कल्पना आता बऱ्याच देशांत रुजते आहे. युरोपीय संघाने डिजिटल नवोन्मेष केंद्रांचं जाळंच उभारलं. खर्चाचा साधारण निम्मा वाटा संघाचा, उरलेला त्या त्या देशाचा किंवा प्रांताचा. करदात्याचा पैसा यात जावा का, यावर इथे मोकळेपणाने बोलावं म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगतो: जावा, आणि तुटपुंजा नको. मात्र तो कशावर खर्च व्हावा याबद्दल माझे काही आग्रह आहेत.

आधी मूळ अडचण. पंप आणि कॉम्प्रेसर वापरणारा एखादा छोटा कारखाना घ्या. यंत्र बंद पडण्याआधी त्याचा आवाज बदलतो, कंप वाढतो, तापमान चढतं. हे ओळखणारं मॉडेल, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकणारी संगणक प्रणाली, तयार करणं आता फार अवघड राहिलेलं नाही. पण मॉडेलला शिकवायला बिघाड लागतात. ज्याच्याकडे दहा-बारा यंत्रं आहेत, त्याच्याकडे एकाच प्रकारचा बिघाड वर्षातून एखाद-दोनदा होतो. बाकी सगळा डेटा 'यंत्र ठीक चाललंय' एवढंच सांगत राहतो. हजारो यंत्रं बाळगणाऱ्या कंपनीला ही अडचण येतच नाही. म्हणजे हुशारीत, मेहनतीत कुठेही कमी नसताना छोटा उद्योजक केवळ आकारामुळे मागे पडतो. पन्नास जणांनी बिघाडाच्या नोंदी एकत्र केल्या तर तो मागे पडणार नाही.

मग ते आपणहून एकत्र का येत नाहीत? एक तर डेटा विकत घ्यायचा तर आत काय आहे ते आधी बघावं लागतं, आणि बघितल्यावर पैसे द्यायचं कारणच उरत नाही. माहितीच्या बाजारातला हा पेच अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्येच मांडला होता. दुसरं, जो पहिल्यांदा डेटा देतो त्याच्या वाट्याला धोका पूर्ण येतो आणि फायदा सगळ्यांत वाटला जातो. असा पेच बाजार स्वतः सोडवत नाही. लँडसॅट उपग्रहांची छायाचित्रं एके काळी प्रत्येकी सहाशे डॉलरच्या आसपास विकली जात. २००८ मध्ये अमेरिकेने तो साठा मोफत केला आणि त्यांचा वापर कित्येक पटींनी वाढला. शेती, जंगल, पाणी यांवर काम करणाऱ्या लहान कंपन्यांना त्यानंतरच ही चित्रं परवडू लागली.

रोखठोक

कळकळ पोचली, पण असहमत. लँडसॅटचा दाखला इथे लागूच होत नाही. ती छायाचित्रं सरकारच्याच उपग्रहाची, सरकारच्याच मालकीची. ती खुली केल्याने कोणाचं गुपित फुटलं नाही. धंद्यातला डेटा तसा नसतो.

जवळचा दाखला हवा असेल तर कोपनहेगन घ्या. २०१६ मध्ये तिथल्या महापालिकेने आणि राजधानी प्रांताने हिताची कंपनीबरोबर शहराच्या डेटाची बाजारपेठ सुरू केली. खाजगी कंपन्या आणि सरकारी खाती आपला डेटा तिथे देतील, विकतील, बाकीचे घेतील, अशी योजना. २०१८ मध्ये ती बंद झाली. घेणारे पुरेसे नव्हते, आणि देणाऱ्यांना आपला डेटा का द्यावा, त्याचं मोल काय, हेच उमगत नव्हतं. आणि हे डेन्मार्कमध्ये, जिथे सरकारी कारभार नीटनेटका आहे आणि लोकांचा सरकारवर विश्वासही आहे.

सरकारी पैसा आला की आधी संकेतस्थळ होतं, मग उद्घाटन होतं, मग वार्षिक अहवालात 'इतके डेटासंच उपलब्ध' असा आकडा येतो. त्या डेटासंचांचं पुढे कोणी काय केलं हे कोणी विचारत नाही, कारण अनुदान त्या आकड्यावरच मिळालेलं असतं. त्यापेक्षा तोच पैसा छोट्या उद्योगांच्या हाती थेट द्या. कोणाला सल्लागार हवा असेल, कोणाला सेन्सर, कोणाला डेटा, ते त्यांचं ते ठरवतील. त्यांची गरज त्यांना केंद्रातल्या अधिकाऱ्यापेक्षा जास्त कळते.

कवडसा

मी याच क्षेत्रात डेटा जुळवायचं काम करते, म्हणून थोडं आतलं सांगते.

तीन छोट्या कारखान्यांच्या देखभालीच्या नोंदी समोर आहेत असं समजा. पहिल्याकडे तापमान सेल्सिअसमध्ये, दुसऱ्याकडे फॅरनहाइटमध्ये, तिसऱ्याकडे नुसते आकडे, एकक कुठेच नाही. पहिल्याने वेळ सेकंदापर्यंत नोंदवली आहे, दुसऱ्याने फक्त पाळी लिहिली आहे, दिवसाची की रात्रीची. बिघाडाच्या रकान्यात एकाने 'बेअरिंग' लिहिलंय, दुसऱ्याने 'आवाज', तिसऱ्याने 'दुरुस्त केलं'. आता हा 'आवाज' म्हणजे बेअरिंगच का? ते त्या पाळीच्या फिटरला विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणजे फोन करायचा, तो माणूस गाठायचा, त्याला वर्षापूर्वीचं आठवतंय का बघायचं. माझा बहुतेक वेळ मॉडेलवर जात नाही, यात जातो.

रोखठोक, तुम्ही म्हणता पैसा थेट उद्योजकाला द्या. पण प्रत्येकाने स्वतंत्र सल्लागार नेमला तर प्रत्येक सल्लागार आपली वेगळी पद्धत बसवून जाईल. मग पन्नास नीटनेटक्या वह्या तयार होतील आणि त्यातली एकही दुसरीशी जुळणार नाही. एकक, वेळ, बिघाडांची नावं, हे एकदाच, सगळ्यांसाठी ठरवून ठेवणं हे सामायिक काम आहे. ते कुठलाही एकटा उद्योजक पदरचे पैसे घालून करणार नाही, आणि त्याने का करावं? सरकारी पैसा इथे हवा. चकचकीत संकेतस्थळावर नको, याबाबत मी तुमच्या बाजूने आहे.

निमूट

मी छोटा उद्योजक. ओतकामाचा कारखाना आहे. वर सगळे माझ्या भल्याचं बोलताय, त्याबद्दल मनापासून आभार. पण मी डेटा देणार नाही, आणि का देणार नाही ते ऐकून घ्या.

माझ्याकडे भांडवल कमी, यंत्रं जुनी. टिकून आहे ते एवढ्याचसाठी की कोणत्या धातूला किती वेळ, कोणत्या साच्याला किती ताप, हे मला वर्षानुवर्षांच्या चुकांतून कळलंय. तो डेटा बाहेर गेला तर माझ्याजवळ काय उरलं?

नावं काढून टाकू म्हणतात. माझ्या धंद्यात एका भागात पाच-सहाच कारखाने असतात. 'जुनी भट्टी, मोठे साचे, दोन पाळ्या' एवढं वाचलं तरी जाणकार सांगेल की हा कोण. २००० मध्ये संगणकतज्ज्ञ लतान्या स्वीनी यांनी दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं वेगळी ओळखता येतील. जिथे कोट्यवधी लोक आहेत तिथे ही गत, मग पाच-सहा कारखान्यांत माझं नाव झाकून काय झाकलं जाणार?

शिवाय माझं सामान घेणारी मोठी कंपनी तो डेटा बघणार नाही याची हमी कोण देतं? माझा माल किती वाया जातो हे तिला कळलं, की पुढच्या वेळी भाव पाडायला तेच कारण पुढे येईल.

सुकाणू

निमूट, तुमची भीती खरी आहे आणि तिला बगल देऊन हा विषय पुढे जाऊच शकत नाही. म्हणूनच मला विमानवाहतुकीचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं.

१ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान उतरायच्या तयारीत असताना डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. साधारण सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचं एक विमान त्याच मार्गावर, नियंत्रकाच्या सूचनेचा तसाच चुकीचा अर्थ घेऊन, त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचलं होतं. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ते पोचलं नाही. जी माहिती एका कंपनीच्या दप्तरात होती, तिच्या अभावी दुसऱ्या कंपनीचं विमान पडलं.

त्यानंतर वैमानिकांनी आपले थोडक्यात टळलेले प्रसंग कळवावेत म्हणून व्यवस्था झाली. पण कळवायचं ते अमेरिकेच्या विमान वाहतूक प्राधिकरणाला, आणि परवाना रद्द करण्याचा अधिकारही त्याच प्राधिकरणाला. कोण कळवणार? म्हणून १९७६ पासून हे काम नासाकडे गेलं. पैसा प्राधिकरणाचा, पण नोंदी तिऱ्हाइताकडे. शिक्षेचा अधिकार नासाला नाही. नाव-गाव असलेला भाग कापून वैमानिकाला परत पाठवला जातो. ही व्यवस्था आजही चालू आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारी पैशातून साठवणुकीचं कोठार घेऊ नये, असा तिऱ्हाईत घ्यावा. विश्वासू तिऱ्हाईत बाजारात आपोआप तयार होत नाही. ज्या खाजगी कंपनीच्या हाती सगळ्यांचा डेटा येतो, तिला उद्या त्याच डेटावर आपला धंदा उभा करावासा वाटतो. युरोपच्या डेटा कारभार कायद्याने, जो सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे, मध्यस्थावर नेमकं हेच बंधन घातलंय: तुमच्या हातून जाणारा डेटा तुम्ही स्वतःच्या कामासाठी वापरायचा नाही.

रोखठोक

विमानाचं उदाहरण हेलावणारं आहे, पण तिथे जीव वाचवण्यात सगळ्यांचं हित एकच होतं. टीडब्ल्यूएचा अपघात टळल्याने युनायटेडचा एकही प्रवासी कमी झाला नसता. निमूट यांच्या शेजारच्या कारखान्याचा फायदा मात्र निमूट यांच्या गिऱ्हाइकातूनच येणार.

कलम

कायद्याचा एक मुद्दा राहतोय. तो दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा आहे.

ब्रिटनमध्ये प्रमुख ट्रॅक्टर कंपन्यांनी मिळून एक माहिती देवाणघेवाण चालवली होती. नोंदणीच्या सरकारी अर्जांतून कोणाचे किती ट्रॅक्टर कुठे विकले गेले ते निघायचं आणि सभासद कंपन्यांना मिळायचं. भाव ठरवल्याचा आरोप नव्हता. तरीही युरोपीय आयोगाने १९९२ मध्ये ती बेकायदा ठरवली आणि १९९८ मध्ये सर्वोच्च पातळीच्या युरोपीय न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कारण असं की मोजक्या कंपन्यांच्या बाजारात प्रत्येकाला दुसऱ्याची विक्री अगदी छोट्या भागापर्यंत दिसू लागली की चढाओढ थंडावते, आणि बाहेरच्या नव्या कंपनीला आत शिरणं अवघड होतं.

म्हणून सामायिक केंद्रात सरसकट 'डेटा' येऊ नये. भाव, गिऱ्हाईक, विक्री, उत्पादनाचा आकडा, हे तिथे येताच कामा नये, कोणी राजीखुशीने देत असला तरी. यंत्राचा बिघाड, सुट्या भागाचं आयुष्य, विजेचा वापर, सुरक्षिततेच्या नोंदी, हे चालेल. अशी यादी आखून तिच्यावर पहारा ठेवायला जाणकार माणूस लागतो, आणि छोट्या उद्योगांच्या संघटनेला तो परवडत नाही.

कवडसा

+१. आणि आणखी एक. डेटा कारखान्याबाहेर न नेताही काम होतं. मॉडेल प्रत्येकाच्या संगणकावर जाऊन शिकतं आणि शिकलेलं तेवढंच परत येतं. मेलोडी नावाच्या प्रकल्पात २०१९ ते २०२२ या काळात दहा औषध कंपन्यांनी, एकमेकींच्या कट्टर स्पर्धक असूनही, असंच केलं. कोणीही आपला रेणूसंग्रह दुसऱ्याला दाखवला नाही. त्या प्रकल्पात युरोपचा सार्वजनिक निधी होता.

रोखठोक

त्या दहाही कंपन्या महाकाय. प्रत्येकीकडे स्वतःचे तज्ज्ञ, स्वतःचे संगणक. निमूट यांच्या कारखान्यात ते कोण बसवणार, कोण चालवणार, रात्री बंद पडलं तर कोण बघणार? तुम्ही सांगताय त्या प्रत्येक उपायाने खर्च वाढतोय आणि छोटा उद्योजक आणखी लांब जातोय.

आणि माझा मुख्य प्रश्न अजून तसाच आहे: अनुदान संपल्यावर काय? अशा प्रकल्पांची मुदत सहसा तीन-चार वर्षांची असते. मुदत संपली की माणसं दुसरीकडे जातात. ज्याने विश्वासाने डेटा दिला त्याला फोन उचलणारंही कोणी उरत नाही. एक तर कायमची जबाबदारी घ्या, अर्थसंकल्पात दरवर्षीची तरतूद करा, नाहीतर सुरूच करू नका. अर्धवट केंद्राने लोकांचा जो विश्वास जातो, तो पुढच्या चांगल्या केंद्रालाही मिळत नाही.

सुकाणू

कायमची जबाबदारी घ्यावी, असंच माझंही म्हणणं आहे. रस्त्याची डागडुजी कोणी तीन वर्षांच्या प्रकल्पात बसवत नाही. आणि केंद्राचं मोजमाप डेटासंचांच्या आकड्यावर होऊ नये. दुसऱ्या वर्षी पुन्हा डेटा द्यायला किती उद्योजक आपणहून आले, हे मोजा. ज्याला फायदा झाला नाही किंवा ज्याचा विश्वास तुटला तो परत येत नाही, आणि हा आकडा उद्घाटनं करून फुगवता येत नाही.

मोठ्या कंपन्यांबद्दल निमूट यांनी विचारलं होतं. युरोपचा आणखी एक कायदा, डेटा कायदा, सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झाला. यंत्र वापरणाऱ्याला आपल्या यंत्राचा डेटा तिसऱ्या कोणाला द्यायचा हक्क त्यात आहे, पण ज्या महाकंपन्यांना कायद्याने बाजाराचे द्वारपाल ठरवलंय त्यांना तो असा घेता येत नाही. म्हणजे दार कोणाला उघडायचं आणि कोणाला नाही हे कायद्यात लिहिता येतं. मात्र तुमचा माल घेणारी कंपनी द्वारपाल नसेल तर तिला हा नियम लागत नाही. तिच्यासाठी केंद्राच्या करारात वेगळं कलम हवं.

निमूट

कलम यांनी आखलेली यादी मला पटली. भट्टीचं तापमान आणि साच्याच्या वेळा मी कोणालाही देणार नाही, कितीही झाकलं तरी. उत्पादनाचे आकडेही नाहीत. पण पंपाचे, ब्लोअरचे, मोटारींचे बिघाड देता येतील. त्यात माझं गुपित काही नाही, आणि ब्लोअर अवेळी बंद पडला की धातू भट्टीतच थिजतो, ते नुकसान मला ठाऊक आहे.

दोन गोष्टी लेखी हव्यात. माझा डेटा मला हवा तेव्हा काढून घेता आला पाहिजे, कारण न विचारता. आणि केंद्र बंद पडलं तर तो विकला जाणार नाही, पुसला जाईल. २०२५ मध्ये थुंकीच्या नमुन्यावरून जनुकं तपासून देणाऱ्या ट्वेंटी थ्री अँड मी या अमेरिकी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा लाखो लोकांच्या जनुकांची माहिती कंपनीच्या मालमत्तेत धरली गेली. ही शक्यता कंपनीच्या गोपनीयता धोरणात लिहिलेली होती, पण थुंकी पाठवताना ते किती जणांनी वाचलं असेल?

कवडसा

पुसण्याची अट लिहिता येईल. पण तुमच्या डेटावर आधीच शिकून झालेल्या मॉडेलमधून तुमचा वाटा वेगळा काढणं आज तरी फार कठीण आहे. त्यामुळे काढून घेण्याचा हक्क पुढच्या शिकवणीपासून लागू होईल, मागच्या नाही. हे तुम्हाला कोणी सही घेण्याआधी सांगितलं नाही, तर सही करू नका.