पाचगणीतील पत्र्याचे घर आणि हीटरच्या थर्मोस्टॅटचा आकडा

पाचगणीकर: आमच्या जुन्या घरावर पत्र्याचे छप्पर असून थंडीत रात्री खोली फार गारठते. आमच्याकडे 1500 वॅटचा ऑइल हीटर आहे. त्याचा थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवल्यास खोली लवकर तापेल का? तो दिवसभर मंद चालू ठेवल्यास वीज वाचते, हे खरे आहे का?

सातारकर: दोन्ही समज चुकीचे आहेत. थर्मोस्टॅट हा उष्णता वाढवणारा नळ नसून, ठरवलेले तापमान आले की वीजप्रवाह तोडणारा आणि खोली निवली की तो पुन्हा जोडणारा स्विच आहे. त्यामुळे आकडा कितीही वाढवला तरी हीटर 1500 वॅटनेच तापतो, फक्त उशिरा थांबतो आणि चालू असेपर्यंत तासाला दीड युनिट वीज घेत राहतो. आतल्या व बाहेरच्या तापमानातील फरक जितका अधिक, तितकी उष्णता वेगाने बाहेर जाते, म्हणून रिकामी खोली उबदार ठेवण्यात वीज वायाच जाते.

वाईकर: सहमत आहे, परंतु माझ्या मते मूळ दोष छपराचा आहे. पत्र्याखाली ग्लासवूलचा, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचा उष्णतारोधक थर देऊन फॉल्स सीलिंग करून घ्यावे आणि दाराखालच्या फटी बुजवाव्यात. मात्र पाचगणीचा पाऊस लक्षात घेता आधी गळती थांबवावी, कारण भिजलेले ग्लासवूल उष्णता अडवत नाही. हाच थर उन्हाळ्यातही उपयोगी पडतो. आणखी एक कळकळीची विनंती आहे: फटी बुजवलेल्या खोलीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये, तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता झोपेतच जीव घेतो.