सिनेमा येणार म्हणून पुस्तक परत वाचायला काढू नका

अर्धपान

आवडत्या फॅन्टसी कादंबरीवर सिनेमा येतोय अशी बातमी आली की आपल्यातले बरेच जण पहिलं काय करतात तर कपाटातून पुस्तक काढतात आणि पहिल्या पानापासून सुरू करतात, सिनेमा लागायच्या आत संपवायचंच असं ठरवून. मीपण हेच करायचे. आता माझं मत पक्कं झालंय की हे करू नये. सिनेमाच्या आधी निदान वर्षभर त्या पुस्तकाला हात लावू नये.

टॉल्किनच्या 'द हॉबिट'च्या वेळचं सांगते. २०११ च्या डिसेंबरमध्ये पहिला ट्रेलर आला, त्यात सगळे ड्वार्फ (बुटके) नायक बिल्बोच्या घरात बसून खर्जात गाणं म्हणतात, ते मी किती वेळा बघितलं असेल त्याला गणती नाही. सिनेमाला अजून वर्ष होतं. त्या वर्षात मी पुस्तक तीनदा वाचलं, कुठला प्रसंग कसा दाखवतील याच्या वह्या भरल्या, कोण कुठलं वाक्य म्हणेल तेही मनात ठरवून टाकलं. आणि पहिल्या दिवशी थिएटरमध्ये बसले तर मला सिनेमा दिसेचना! डोक्यात नुसतं चालू की हे घेतलं, हे गाळलं, हा ॲझॉग तर पुस्तकात नुसता नावापुरता आहे तो इथे जिवंत कसा, हे वाक्य जादूगार गॅन्डाल्फचं होतं ते दुसऱ्याला का दिलं. पेपर तपासायला बसल्यासारखी बसले होते. बिल्बो आणि गुहेतल्या तळ्यात राहणारा गॉलम यांच्यातला कोड्यांचा प्रसंग आला, ज्याची मी वर्षभर वाट बघत होते, तर तो अख्खा प्रसंग मी कुठली कोडी गाळली ते मोजण्यात घालवला.

पाच-सहा वर्षांनी घरी एकटीनं परत लावला. मधे पुस्तक उघडलेलं नव्हतं. बिल्बो जादूच्या अंगठीमुळे अदृश्य आहे, तलवार गॉलमच्या मानेपाशी आहे आणि त्याचा हात थांबतो, तिथे मला रडू आलं. तेच थिएटरमध्ये यायला हवं होतं ना.

उलट 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग २००१ ला आला तेव्हा पुस्तक वाचून बरीच वर्षं झाली होती. टॉम बॉम्बाडिल हे पात्र अख्खं गाळलंय हे मला घरी आल्यावर आठवलं. जे लक्षात राहिलं होतं ते सगळं पडद्यावर होतं. म्हणजे आपली आठवणसुद्धा पुस्तकाची काटछाट करतच असते, दिग्दर्शक वेगळं काही करत नाही. तिला तेवढा वेळ द्या एवढंच म्हणणं आहे. काय वाटतं?

रात्रवाचक

अजिबात पटलं नाही. मी बरोब्बर उलटं करतो आणि करत राहणार.

सिनेमा एकदा बघितला की पुस्तकातली माणसं परत आपली राहत नाहीत. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पुस्तकात नायक फ्रोडो आपला शायर प्रांत सोडून निघतो तेव्हा पन्नाशीचा असतो. माझ्या डोळ्यासमोर एक जरा थकलेला, एकट्यानं राहायची सवय झालेला माणूस होता, आणि म्हणूनच तो घर सोडतो तेव्हा जास्त लागायचं, कारण या वयात कोण निघतं असं? सिनेमातला फ्रोडो, इलायजा वूड, शूटिंग सुरू झालं तेव्हा १८ वर्षांचा होता. काम उत्तम केलंय, वाद नाही. पण माझा तो पन्नाशीचा फ्रोडो गेला तो गेलाच, गेली वीसेक वर्षं प्रयत्न करतोय, परत येत नाही. शब्द पन्नास म्हणतात आणि चेहरा त्या पोराचा दिसतो.

म्हणून सिनेमाच्या आधी शेवटचं एकदा वाचायलाच हवं, सावकाश, आपले चेहरे आपल्या डोक्यात आहेत तोवर. ते नंतर कुठल्याही पैशानं विकत मिळत नाहीत. फ्रोडोच्या वेळी मी वाचलं नाही, गडबडीत राहून गेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. थिएटरमधली एक संध्याकाळ बिघडली तर बिघडू दे.

खडूफळा

@अर्धपान, तू स्वतःला कशाला दोष देतेस? हॉबिटचा प्रॉब्लेम तू तीनदा पुस्तक वाचलंस हा नव्हता, तिनशेच्या आसपास पानांच्या पुस्तकाचे तीन सिनेमे केले हा होता. १६९ मिनिटं, १६१ मिनिटं आणि १४४ मिनिटं, बेरीज कर, आठ तासाला थोडंसंच कमी. आधी दोन सिनेमे ठरले होते, गिलेर्मो डेल तोरो दिग्दर्शन करणार होता, तो २०१० मधे बाहेर पडला, मग 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दिग्दर्शक पीटर जॅक्सन स्वतः उतरला आणि पहिला भाग लागायला पाचएक महिने उरले असताना जाहीर झालं की आता दोनाचे तीन. म्हणजे शूटिंग बरंचसं झाल्यावर कथा परत कापून जोडली. मग पुस्तकात नसलेली टॉरिएल आली, प्रेमाचा त्रिकोण आला. पाच सैन्यांच्या लढाईत पुस्तकात बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो आणि तो बेशुद्ध पडतो, लढाईचा शेवट त्याला नंतर दुसऱ्यांकडून कळतो, कारण लेखकाला लढाईत रसच नव्हता, त्याला ती संपल्यावर काय उरतं ते सांगायचं होतं. सिनेमात तीच लढाई संपता संपत नाही.

हे तुला खटकलं कारण तुला पुस्तक पाठ होतं. चांगलंच की! न वाचता गेली असतीस तर फक्त कंटाळा आला असता आणि का आला ते कळलं नसतं.

अर्धपान

@खडूफळा, तिसऱ्या भागाबद्दल काही बोलणारच नाही, तो वाईटच आहे. पण मी कोड्यांच्या प्रसंगाबद्दल बोलतेय, तो चांगला होता! चांगला होता आणि मला दिसला नाही, हे दुखणं आहे माझं. वाईट सिनेमा वाचून गेलं काय न वाचता गेलं काय, वाईटच. चांगला हातातून जातो त्याचं काय करायचं?

@रात्रवाचक, तुमचं म्हणणं मला कळतंय आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही खरं तर.

निळी शाई

'आपली आठवणसुद्धा काटछाट करते' हे वाक्य वाचायला छान आहे पण मला त्याची भीती वाटते.

अर्थसी ही पुस्तकमालिका घ्या. उर्सुला ले ग्विननं १९६८ च्या पहिल्याच पुस्तकात नायक गेड तांबूस तपकिरी रंगाचा दाखवलाय आणि तिथली बहुतेक माणसं सावळी किंवा काळी आहेत, गोरे लोक परके, चढाई करून येणारे. हे तिनं ठरवून केलं होतं. पण सांगितलंय कसं, तर जाता जाता, मधेच एखाद्या वाक्यात. २००४ ला टीव्हीवर मालिका आली तर गेड गोरा. बाईंनी जाहीर लेख लिहून निषेध केला, आपल्याला विचारलंच नाही म्हणाल्या.

आता सांगा, ज्यानं पुस्तक पंधरा वर्षांपूर्वी वाचलंय त्याच्या आठवणीत गेड कसा असणार? मी स्वतःचं सांगते, माझ्या डोक्यात तो गोराच होता. मुखपृष्ठावर वर्षानुवर्षं तसाच काढला होता आणि मी ते जाता जाता आलेलं वाक्य विसरले होते. ती मालिका बघताना मला काहीही खटकलं नाही. लेख वाचून पुस्तक परत उघडलं तेव्हा लाज वाटली. आठवण काटछाट करते हे खरं, पण ती नेमकं तेच कापते जे आपल्या सवयीच्या बाहेरचं असतं, आणि फॅन्टसीमधे वाचण्यासारखं तेच तर असतं!

मिखाएल एंडेचंही तेच. 'नेव्हरएंडिंग स्टोरी'चा १९८४ चा सिनेमा साधारण अर्ध्या पुस्तकापाशी थांबतो. उरलेल्या अर्ध्यात नायक बास्टियन इच्छा मागत जातो आणि प्रत्येक इच्छेबरोबर स्वतःची एक आठवण गमावत जातो, पुस्तकाचा जीव तिथे आहे. एंडे इतका चिडला की सुरुवातीच्या नामावलीतून नाव काढायला लावलं, कोर्टातही गेला, हरला. पुस्तक ताजं असलेला वाचक थिएटरमधून उठताना विचारणार ना, की दुसरा अर्धा कुठाय? बाकीचे म्हणणार, उडणारा ड्रॅगन मस्त होता.

तेरावा ड्वार्फ

सगळे 'मूळ पुस्तक' म्हणताय तर एक विचारतो, हॉबिटचं मूळ कुठलं? १९३७ च्या आवृत्तीत गॉलम अंगठी स्वतःहून पैजेला लावतो, हरल्यावर अंगठी सापडत नाही म्हणून बिल्बोची माफी मागतो आणि त्याला बाहेरचा रस्ता दाखवतो. चोर म्हणून किंचाळणारा, सूड घेऊ बघणारा गॉलम १९५१ च्या आवृत्तीत आला, कारण तोवर पुढच्या पुस्तकात, म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधे, अंगठीचं काय होणार हे टॉल्किनला कळलं होतं. म्हणजे वर अर्धपानला ज्या क्षणाला रडू आलं, मानेपाशी तलवार आणि थांबलेला हात, तो पहिल्या आवृत्तीत नाहीच. लेखकानंच बदलला आणि जास्त चांगला केला.

अजून एक. पहिल्या आवृत्त्यांमधे गॉलम केवढा आहे हे लिहिलेलंच नव्हतं. टूवे यान्सॉननं १९६० च्या दशकात स्वीडिश आवृत्तीसाठी चित्रं काढली त्यात तो राक्षसाएवढा आहे, बिल्बो त्याच्यापुढे बारका. नंतर टॉल्किननं 'लहानसा' असा शब्द घातला. चित्रकारामुळे पुस्तक बदललं!

पण याचा अर्थ सिनेमाला काहीही करायची मुभा असा कोणी घेऊ नये. टॉल्किननं १९६० मधे हॉबिट परत लिहायला घेतलं होतं, मोठ्या पुस्तकाच्या गंभीर सुरात. काही प्रकरणं लिहून सोडून दिलं. जॅक्सननं पन्नास वर्षांनी नेमकं तेच केलं आणि सोडून दिलं नाही. माझी तक्रार तेवढीच.

खडूफळा

पहिल्या आवृत्तीचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण लेखकानं बदलणं आणि दुसऱ्यानं बदलणं एका तराजूत नको. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या फॅरामिरचं बघा. पुस्तकात तो म्हणतो की ही वस्तू (अंगठी) रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, आणि खरंच उचलत नाही. सिनेमात तो फ्रोडोला धरून ऑस्गिलिआथ शहरापर्यंत नेतो. अख्खा माणूस बदलला.

रात्रवाचक

फॅरामिरवर मी जॅक्सनच्या बाजूनं आहे. दोन सिनेमे अंगठीनं भलेभले वेडे होतात असं दाखवायचं आणि मग हा एक सहज नाही म्हणतो, तर बघणाऱ्याला वाटणार की मग एवढं घाबरायचं कशाला. वाचताना आपण त्याचं बोलणं पानंच्या पानं ऐकतो म्हणून पटतं. पडद्यावर तेवढा वेळ नसतो.

मुक्तछंद

मूळ मुद्द्यावर येते. वर्षभर हात लावू नका म्हणणं सोपं आहे, पण सिनेमा आलाच नाही तर?

मी 'नॉर्दर्न लाइट्स' या कादंबरीवाली. सिनेमा २००७ ला 'गोल्डन कम्पस' नावानं आला. आदल्या महिन्यात परत वाचलं होतं, शेवटची प्रकरणं तर दोनदा. बसले तर सिनेमा त्या शेवटाच्या आधीच संपला, दिवे लागले! (ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगत नाही, पण ज्या प्रसंगासाठी पुस्तक मिटल्यावर झोप लागत नाही तोच.) शूट केलेला होता, काढून टाकला, पुढच्या भागात घेऊ म्हणून. पुढचा भाग निघालाच नाही. बारा वर्षांनी २०१९ मधे मालिका आली तेव्हा तो शेवट पडद्यावर बघायला मिळाला.

त्या बारा वर्षांत मी पुस्तकाला हात लावायचा नाही का? उलट सिनेमातून बाहेर पडल्या पडल्या मला ती प्रकरणं जशीच्या तशी आठवत होती म्हणून मी सोबतच्या मैत्रिणीला रात्री बसून सांगितली, तिनं पुस्तक वाचलेलं नव्हतं. सिनेमानं जे दिलं नाही ते तिला माझ्याकडून मिळालं. मालिका आली तेव्हा तिचा फोन आधी आला.

अर्धपान

@निळी शाई, गेडचा मुद्दा मला लागला. आठवण काय कापते याचा मी विचारच केला नव्हता, मला वाटायचं नकोसं तेवढंच गळतं. @मुक्तछंद, तुमचंही बरोबर आहे, वर्षभर हा आकडा मी स्वतःवरून ठरवला, तो मागे घेते. पण वह्या भरणं मात्र मी परत करणार नाही. वाचायचं ते आवडतं म्हणून, सिनेमाला पकडण्यासाठी नाही. पुढच्या वेळी बातमी आली की लगेच वाचेन आणि मग बाजूला ठेवेन, असं काहीतरी.

@रात्रवाचक, तुमचे गेलेले चेहरे परत आणायचा काही मार्ग सापडला का कधी?

रात्रवाचक

थोडासा. मुलीला हॉबिट वाचून दाखवतोय, आठ वर्षांची आहे, सिनेमा बघितलेला नाही. गॉलम कसा दिसतो विचारलं तर मी सांगितलं नाही, म्हटलं तूच काढ. तिनं तळ्याएवढा काढलाय, तळ्यात मावतच नाही, दोन डोळे दिव्यासारखे आणि पाय बाहेर लोंबतायत. वर तेरावा ड्वार्फ यांनी यान्सॉनचं लिहिलंय ते वाचून मी उठून तिचं चित्र परत बघून आलो. आता तो प्रसंग वाचताना मला अधूनमधून हा तळ्याएवढा दिसतो, सिनेमातला नाही.

मुक्तछंद

सिनेमा कधी दाखवणार तिला?

रात्रवाचक

ती मागेल तेव्हा. अजून सहावं प्रकरण चालू आहे.