पाथर्डी फाटा: जुन्या 2 बीएचकेची मधली भिंत पाडू का? (पुढे भाड्याने देणे / विकणे)

फाट्यावरचा_नवा
मंडळी, नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला 2009 सालच्या बिल्डिंगमध्ये रिसेलचा 2 बीएचके घेतलाय. दुसरा मजला, कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) 640 चौरस फूट. तीनेक वर्षांत पुण्याला बदली होईल. मग आधी भाड्याने द्यायचा, नंतर विकायचा. हॉल फारच अरुंद आहे. शेजारच्या लहान बेडरूमची भिंत पाडून तो मोठा करावा म्हणतो. संडास-बाथरूम वेगवेगळे आहेत, ते एक करावेत का? आणि टेरेस बंद करून खोली काढावी का? बजेट 4 लाख. त्यावर एक रुपया नाही.

गंगापूररोडवाला
4 लाखांत आजकाल किचनसुद्धा होत नाही. आमच्या नुसत्या ट्रॉल्याच सव्वातीनच्या झाल्या. वर क्वार्ट्झचा ओटा, टॉल युनिट, चिमणी वेगळी. पाहुणे हॉलमध्ये बसायच्या आधी किचन बघून येतात. थोडं बजेट वाढवा, आयुष्यात एकदाच होतं.

अंबडकर
भो, त्याने किचनचं विचारलंच कुठे?

इंदिरानगरची_काकू
संडास-बाथरूम अजिबात एक करू नका. आमच्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये लेकाने हट्टाने एक करून घेतलं, काचेचं पार्टिशन वगैरे लावून. फोटोत छान दिसतं हो. भाडेकरू मिळाले अंबड एमआयडीसीत जाणारे चार मुलगे. एक आंघोळीला गेला की बाकीचे तिघे दारात उभे. वर्ष पुरं व्हायच्या आत सोडून गेले. आता एक कुटुंब आहे, त्यांच्या आजी रोज तेच ऐकवतात. वेगळं आहे ते सोनं आहे.

वास्तु_सर्वप्रथम
लहान बेडरूम कोणत्या दिशेला? नैर्ऋत्येला असेल तर भिंत पाडू नये.

अंबडकर
आणि ईशान्येला असेल तर?

वास्तु_सर्वप्रथम
तरीही पाडू नये.

निवृत्त_साइटवाला
दिशा राहू द्या, आधी ती भिंत कसली आहे ते बघा. 2009 ची बिल्डिंग म्हणजे बहुतेक आरसीसी फ्रेम (सगळं वजन काँक्रीटच्या कॉलम-बीमवर), आणि आतली 4 इंची विटांची भिंत असेल तर ती वरचं वजन घेत नाही. पण नुसतं ठोकून बघून ठरवू नका. सोसायटीकडे मंजूर नकाशा आणि आरसीसीची ड्रॉइंग मागा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणून त्याचं लेखी पत्र घ्या. ते पत्र जोडूनच सोसायटीकडे अर्ज करा, म्हणजे पुढे कोणी नाव ठेवणार नाही.

भिंत गेली तरी वर बीम असेल तर तो राहणारच, आणि हॉलच्या मधोमध दिसणार. तो झाकायला सगळीकडे फॉल सीलिंग केलं तर उंची जाते. बीमला छिन्नी लावू द्यायची नाही, एसीच्या पाइपसाठीसुद्धा नाही. इलेक्ट्रिशियन लोक फार बिनधास्त असतात.

संडास-बाथरूम एक करा किंवा करू नका, पण जागेवरून हलवू नका. तिथला स्लॅब खाली घेतलेला असतो. बाहेर सरकवलंत की खालच्यांच्या ओट्यावर तुमचं पाणी. लादी काढलीच तर वॉटरप्रूफिंग नव्याने करा आणि नवी लादी बसवण्याआधी दोन दिवस पाणी तुंबवून ठेवा. गवंडी घाई करेल, ऐकू नका.

मिसळ_आणि_मी
काकूंशी सहमत. संडास-बाथरूम वेगळेच ठेवा. बीमला हात लावू नका.

रिसेल_नाशिक
धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. 2 बीएचके शोधणारं गिऱ्हाईक 1 बीएचके बघायलाच येत नाही. तुम्ही हॉल केवढाही करा. आणि स्टॅम्प ड्यूटीचं रेडीरेकनर (सरकारी दराचं) मूल्य क्षेत्रफळावर निघतं, खोल्या मोजून नाही. म्हणजे घेणाऱ्याने ड्यूटी तेवढीच भरायची आणि खोली एक कमी! टेरेसचं तर नावच काढू नका. घेणारा लोन काढणार, बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा) मंजूर नकाशा घेऊन येणार, बंद टेरेस दिसला की रिपोर्टात शेरा. सौदा तिथेच लटकतो.

पंचवटीकर
2027 ला कुंभ आहे, विसरलात का? भिंती तशाच ठेवा, खोल्या रोजच्या भाड्याने द्या. सगळा खर्च निघेल.

अंबडकर
पाथर्डी फाट्याहून रामकुंडावर स्नानाला चालत जायचं का यात्रेकरूंनी? 2015 ला आमच्या गल्लीतही सगळ्यांनी गाद्या घेऊन ठेवल्या होत्या. त्या अजून माळ्यावर आहेत.

पंचवटीकर
तुमच्या गल्लीचं माहीत नाही, आमच्याकडे पाय ठेवायला जागा नव्हती.

गंगापूररोडवाला
भाड्याने देताना 11 महिन्यांचा करार करा, तो नोंदवावा लागत नाही.

आकडेमोड
महाराष्ट्रात लागतो. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. घरबसल्या ऑनलाइन होतो.

धागाकर्त्यासाठी: कामाची बिलं जपून ठेवा. विकताना भांडवली नफा काढाल तेव्हा घरातल्या कायमस्वरूपी सुधारणेचा खर्च वजा मिळतो. सोफा, फ्रिज त्यात येत नाहीत. 23 जुलै 2024 पासून पुढे घेतलेल्या घराला इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदीची किंमत वाढवून धरणं) नाही. 24 महिन्यांनंतर विकलंत तर नफ्यावर 12.5 टक्के कर. त्यामुळे प्रत्येक पावती कामाची. गवंड्याला पैसे बँकेतूनच द्या.

गंगापूररोडवाला
आमचा एजंट तर नोंदणी लागत नाही म्हणाला होता. असो. क्वार्ट्झवर हळदीचा डाग कसा काढायचा, कोणाला माहीत आहे का?

फाट्यावरचा_नवा
सर्वांचे आभार. इंजिनिअर येऊन गेले. भिंत 4 इंचीच आहे, पत्र दिलं, सोसायटीचीही परवानगी मिळाली. टेरेस तसाच ठेवतोय, संडास-बाथरूमही वेगळेच. भिंत मात्र पाडतोय. बायको घरी दहावीच्या शिकवण्या घेते, पोरं सध्या पॅसेजमध्ये बसतात. पुण्याला जायच्या आधी ब्लॉकची भिंत पुन्हा घालून घेऊ. इंजिनिअर म्हणाले, हरकत नाही. दार आणि चौकट काढून माळ्यावर ठेवतोय. त्या खोलीच्या वायरिंगचे पॉइंटही बुजवत नाही.

रिसेल_नाशिक
पाडायला पैसे, बांधायला पैसे. बघा बुवा.

इंदिरानगरची_काकू
शिकवणीची फी किती घेतात? नातू दहावीला आहे.

अंबडकर
ओटा बदलणार असाल तर जुना कडाप्पा फेकू नका, मला गच्चीत बाकाला हवाय. टेम्पो माझा.