फीटल पीसीए: पी१ दिसत नाही, रिपोर्टमध्ये काय लिहावं?

पीजी_रेडिओ
टीओएफ एमआरएमध्ये (रक्तप्रवाहावरून वाहिन्या दाखवणारा एमआरआय) उजवी पीसीए (मेंदूच्या मागच्या भागाची धमनी) थेट कॅरॉटिडमधून (मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी) आलेली दिसते, म्हणजे फीटल पीसीए. पी-कॉम (कॅरॉटिड आणि पीसीएला जोडणारी वाहिनी) चांगली जाड, पी१ (पीसीएचा बॅसिलरकडून येणारा पहिला भाग) दिसतच नाही, बॅसिलरही (मेंदूच्या खोडासमोरची मधली धमनी) बारीक. गर्भातली ही रचना टिकून कशी राहते? आणि 'नॉर्मल व्हेरियंट' लिहून भागेल का?

भ्रूणशास्त्र
पॅजेट यांनी १९४८ मध्ये भ्रूणांवरून मांडलेला क्रम बघा. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस, गर्भ जेमतेम ४-५ मिमीचा असताना, मागच्या मेंदूखाली दोन समांतर नळ्या असतात. त्यांना रक्त येतं कॅरॉटिडकडून, मुख्यतः ट्रायजेमिनल या तात्पुरत्या धमनीतून. पुढे या नळ्या मध्यरेषेवर जुळून बॅसिलर बनते. कॅरॉटिडची मागची शाखा, म्हणजे भावी पी-कॉम, बॅसिलरला येऊन मिळाली की ट्रायजेमिनल मिटते. व्हर्टिब्रल (मानेच्या मणक्यांतून वर येऊन बॅसिलरला मिळणाऱ्या धमन्या) अजून पुऱ्या तयार नसतात, त्यामुळे बॅसिलरमध्ये रक्त वरून खाली वाहतं! व्हर्टिब्रल जोर धरतात तेव्हा दिशा उलटते, पी१ रुंदावते, पी-कॉम आकसते. पीसीएची मदार कॅरॉटिडवरच राहिली तर पी१ला रुंदावण्याइतका प्रवाह मिळतच नाही. बॅसिलरही मग बारीक राहते, कारण तिला पोसायचा प्रदेशच कमी असतो. तिला लगेच 'स्टेनोसिस' (रोगाने अरुंद झालेली) म्हणू नका.

न्यूरोइमेजिंग
टीओएफमध्ये दिसली नाही म्हणजे पी१ नाहीच, असं धरू नका. बारीक वाहिनीतल्या मंद प्रवाहाचा सिग्नल दबतो. एमआयपीवर (सगळे काप एकत्र करून बनवलेली प्रतिमा) न थांबता सोर्स इमेजेस (मूळ काप) एकेक करून बघा. तरी शंका राहिली तर सीटी अँजिओ. पी१ आहे पण पी-कॉमपेक्षा बारीक, तर आंशिक फीटल. अजिबात नसेल तर पूर्ण.

नुसतं 'नॉर्मल व्हेरियंट' अपुरं आहे. उजव्या ऑक्सिपिटल (मेंदूच्या मागच्या) भागात इन्फार्क्ट (रक्ताअभावी मेलेला भाग) असेल, तर अशा रुग्णात गुठळी उजव्या कॅरॉटिडमधूनही आलेली असू शकते. तेव्हा मानेतल्या कॅरॉटिडबद्दल रिपोर्टमध्ये स्पष्ट वाक्य हवंच. शिवाय पूर्ण प्रकारात एमसीए (मेंदूच्या बाजूच्या भागाची धमनी) आणि पीसीए दोन्ही एकाच कॅरॉटिडच्या. ती बंद पडली तर एकमेकींना कोण सावरणार? सेरेबेलमच्या (लहान मेंदूच्या) वाहिन्यांकडून मदत येत नाही, मध्ये टेन्टोरियमचा पडदा आहे.

पीजी_रेडिओ
धन्यवाद सर. पी-कॉमच्या मुळाशी छोटा फुगवटाही आहे. अ‍ॅन्युरिझम (धमनीच्या भिंतीचा धोकादायक फुगा) म्हणू का?

न्यूरोसर्जरी
शंकूसारखा, ३ मिमीपेक्षा लहान आणि टोकातूनच वाहिनी निघत असेल, तर इन्फंडिब्युलम, म्हणजे वाहिनीच्या मुळाचा नुसता रुंदपणा. वाहिनी बाजूने निघत असेल तर अ‍ॅन्युरिझम धरून चला, आणि मग फीटल पीसीएचा उल्लेख पहिल्याच ओळीत करा. इथे शस्त्रक्रियेत अ‍ॅन्युरिझमला लावलेल्या क्लिपमध्ये पी-कॉम दबली तर सगळा पीसीए प्रदेश जातो. आणि पी१ बारीक आहे म्हणून ती बिनकामाची समजू नका; थॅलॅमसच्या (मेंदूच्या आतला खोल भाग) परफोरेटर्स, म्हणजे त्याला रक्त देणाऱ्या बारीक शाखा, तिच्यातूनच निघतात.